राबाला दिलेलं गवत

वहिनींच्या रानात ते तुऱ्यांचं गवत वाऱ्याने आलं नाही. रस्त्यावरून आलं नाही, गोदामांच्या कुंपणातूनही आलं नाही. मी ते टेम्पोत भरून नेलं, माझ्या हाताने उतरवलं, आणि चहा पिऊन परत आलो. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे, की पावसाळ्यात मी अधूनमधून पडघ्याच्या बाजूला जातो आणि नखांत माती घेऊन घरी येतो.

वहिनी माझ्या नात्यातल्या नाहीत. आमची वरकस आणि त्यांची वरकस शेजारी शेजारी, मध्ये एक दगडी बांध. जिथे भात होत नाही, नांगर चालत नाही, त्या उताराच्या जमिनीला आमच्याकडे वरकस म्हणतात. तिच्यावर फक्त गवत येतं आणि तेच तिचं पीक. पूर्वी या सगळ्या पट्ट्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आताही थोडं जातं. वहिनींचे यजमान होते तेव्हा आमचंही गवत तेच विकून द्यायचे. ते गेले, आणि मी त्यांच्या बायकोला वहिनी म्हणत होतो ते म्हणतच राहिलो.

माझे वडील शिक्षक. त्या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली. मी काही शिकवलं नाही, तरी गावात मला ‘धाकटे मास्तर’ म्हणतात. त्यात थोडी चेष्टा आहे आणि थोडा विश्वास. पुढे त्या विश्वासाचं मी काय केलं ते येईलच.

मी भिवंडीत एका सायझिंगमध्ये कारकून होतो. लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाळवतात, तो कारखाना म्हणजे सायझिंग. वाळवायला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. आमच्या बॉयलरमध्ये मी काय काय जळताना पाहिलं आहे, सांगत नाही. लाकूड, चिंध्या, जुन्या चपला. धुरावरून तक्रारी वाढल्या तेव्हा शेठने पांढरा कोळसा घ्यायला सुरुवात केली. तो कोळसा नसतोच. भुसा, तूस, पालापाचोळा, वाळलं गवत मशीनमध्ये दाबून केलेल्या मनगटाएवढ्या कांड्या असतात. त्या पुरवणाऱ्याशी रोजचं बोलणं व्हायचं. जाडजूड, बोलघेवडा माणूस. तो एकदा म्हणाला, “तुमच्याकडे वरकस आहे ना? मग इकडे खळीच्या वासात काय करताय? उंच गवत लावा. मला वर्षभर माल पाहिजे.”

सायझिंग बंद पडली तेव्हा मला ते वाक्य आठवलं. पंचेचाळिशी उलटली होती. दुसरी नोकरी मिळाली असती, पण मी फार शोधली नाही.

आधी हत्तीगवत लावलं. ते जोमाने आलं, पण ओला माल कापा, वाळवा, टेम्पो करा, यात हाती काही उरेना. कोळसेवाल्याने हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाला, “नुसतं जळायला लावू नका. दिसायला लावा. दिसून झालं की मग मला द्या.” त्याच्या ओळखीचा एक लँडस्केपिंगवाला होता. भिवंडीजवळच्या वळ आणि पूर्णा या गावांच्या बाजूला एकेक गोदाम उभं राहत होतं, आणि प्रत्येक गोदामाला भिंत आणि ट्रकचा रस्ता यांच्यामध्ये एक हिरवी पट्टी दाखवावी लागत होती. तिथे लॉन टिकत नाही, गुलाब टिकत नाही. ड्रायव्हर तिथे चहाचे कप फेकतात आणि बाकीचंही करतात. टिकतं ते गवत. डौलदार, गुडघ्याच्या वर येणारं, टोकाला मऊ तुरे असलेलं. नर्सरीत त्याला फाउंटन म्हणतात.

रोपं आणायला मी पुण्याच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. नर्सरीवाला वयस्कर होता. त्याने दोन वाफे दाखवले. एकाची पानं लालसर काळपट, दुसऱ्याची हिरवी.

“लाल न्या,” तो म्हणाला. “त्याला बी धरत नाही. ठोंब फोडून वाढवावं लागतं, पण जिथे लावाल तिथेच राहतं.”

“आणि हिरवं?”

“हिरवं बियाने जातं. तुरा पिकायच्या आत कापला तर ठीक. नाही कापला तर तुमचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. आणि पेटवून जाईल असं समजू नका. जाळलं की दुप्पट फुटतं.”

मी हिरवं घेतलं. स्वस्त होतं, आणि आपोआप वाढणार हे त्याने वाईट म्हणून सांगितलं, मला ते चांगलं वाटलं. इतकं साधं होतं ते. नर्सरीवाल्याने माझ्यापासून काही लपवलं नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची मला बऱ्याचदा इच्छा झाली आहे.

धंदा बरा चालला. काळ्या पिशव्यांत लाल माती, शेणखत, थोडी रेती. एका ठोंबाचे कुदळीने चार तुकडे करायचे, मुळं ओल्या गोणपाटात ठेवायची. पानांच्या कडा बारीक करवतीसारख्या असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट विसरलो तर संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याने हात चुरचुरायचे. गोदामांवर लावायला मी स्वतः जायचो. पूर्णाच्या एका गोदामावर पट्टी लावत होतो तेव्हा एक ट्रक ड्रायव्हर पायरीवर बसून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “साहब, इतनी घास किसके लिए? इधर तो एक भी भैंस नहीं।”

“देखने के लिए,” मी म्हणालो.

त्याने सोबतच्याला हाक मारली. “सुन, बंबई में घास भी देखने की चीज़ है।”

ते दोघं हसले, मीही हसलो. एरवी मला त्या पट्ट्यांचा अभिमानच वाटायचा. करड्या भिंतीपुढे संध्याकाळच्या उन्हात ते तुरे हलताना खरोखर सुंदर दिसतात. ते आजही मला सुंदर दिसतात, हीही एक अडचण आहे.

आता रानाबद्दल सांगायला हवं.

वहिनींचं रान, म्हणजे त्यांची वरकस, माझ्या तुकड्याच्या पाचपट असेल. ते त्यांचं आणि त्यांच्या दिराचं सामाईक, पण राखायच्या वहिनी. पाऊस लागायच्या आधी रान बंद करायचं, म्हणजे त्यानंतर गुरं सोडायची नाहीत. आमच्याकडे त्यासाठी एक रीत आहे. एका काठीच्या टोकाला गेल्या साली कापलेल्या गवताचा पेढ, म्हणजे पीळ दिलेली जुडी, बांधायचा आणि ती काठी रानाच्या तोंडाशी रोवायची. ती दिसली की गुराखी आपोआप गुरं वळवतो. कुंपण नाही, पाटी नाही. काठी रोवेल त्याने रान राखायचं, आणि रान बिघडलं तर जबाबदार तोच. वहिनींच्या रानाची काठी आधी त्यांचे यजमान रोवायचे. ते गेल्यावर दीर म्हणाले, “मला यात वेळ न्हाय,” तेव्हापासून वहिनी रोवतात.

दसऱ्यानंतर वखारवाला यायचा. हा गवताचा व्यापारी, तबेल्यांना माल पुरवणारा. रानात आडवातिडवा चालायचा, मूठभर गवत हातात चुरडायचा, वास घ्यायचा, एक काडी चावायचा आणि बांधावर बसून सौदा तोंडी ठरवायचा. पवना आणि मारवेल, दोन्ही म्हशींना आवडणारी गवतं, त्या रानात दाट होती. “बाई, तुमच्या रानाला मी डोळे मिटून घेतो,” असं म्हणायचा, आणि उघड्या डोळ्यांनी तासभर बघायचा.

आजूबाजूच्या वरकशी एकामागून एक गोदामांना गेल्या. दिरांनाही विकायचं होतं. वहिनींचं म्हणणं एकच, “गवत येतंय तवर रान आपलं. गवत थांबलं की मंग बोला.” दीर यावर गप्प बसायचे, कारण गवत येत होतं. त्या रानाचं टिकणं फक्त या एका गोष्टीवर उभं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण हे बोलणं कितीदा माझ्यासमोर झालं होतं.

मग एका साली मोठ्या गोदामाचं उद्घाटन लांबलं. लँडस्केपिंगवाल्याचा रोज फोन. “सर, तुरे कापू नका हां. पाहुणे येणार, फोटो होणार. मला पिसारा पाहिजे.” गोदामात तयार तुऱ्यांची मोठी ठोंबं न्यायची होती, म्हणून माझ्या वरकशीवरचं सगळं मी तसंच उभं ठेवलं. तुरे आधी जांभळट होते, मग फिके, मग पांढरे झाले. पिकले. उद्घाटन झालं, निवडक ठोंबं गेली, उरलेलं मी माघ संपता संपता बुडापासून कापलं. मोठा ढीग झाला.

कोळसेवाला बघायला आला. ढिगात हात घातला आणि हात वर करून माझ्यासमोर धरला. बोटांना पिसं चिकटली होती.

“हे न्हाय चालायचं. ही पिसं माझ्या चाळणीत बसतात, मशीनवर उडतात, एक ठिणगी पडली की शेडला आग. तुरे छाटून द्या, दांडे घेतो.”

“एवढ्याचे तुरे कोण छाटत बसणार?”

“मग पुढच्या साली आधी कापा,” तो म्हणाला, आणि वाटेत रसाची गाडी लागते का विचारून निघून गेला.

ढीग पडून राहिला. त्याच आठवड्यात वहिनी बांधावर आल्या. भातशेती करणाऱ्या आमच्या भागात राब भाजतात. जिथे भाताचं रोप काढायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत असं पसरतात, वर माती टाकतात, वाळू देतात, आणि पाऊस यायच्या आधी पेटवतात. त्या राखेत भात पेरलं की रोप जोरदार येतं. पण राबाला पाला लागतो, पाल्याला झाडं लागतात, आणि रुंद रस्त्यासाठी वहिनींच्या बाजूची झाडं गेली होती.

“भावजी, तो ढीग टाकायचाच असंल तर मला द्या राबाला. या सालाला पालाच गावंना.”

वहिनींची भाताची खाचरं रानाच्या खालच्या अंगाला आहेत. खाचर आणि रान यांच्यामध्ये कमरेएवढा बांध, बस्स.

मला नर्सरीवाला आठवला. अगदी शब्दांसकट. मी गप्प झालो तेव्हा वहिनींना वाटलं, मला द्यायचं नाही.

“न्हाय तर राहू द्या. तुमच्या कामाचं असंल.”

“नाही हो, न्या की. मीच टेम्पोने पाठवतो.”

मी मनाशी म्हटलं, जाळणारच आहेत. हे अर्धं खरं होतं. जाळणार होत्या, पण महिन्या-दीड महिन्याने. तोवर ते उघड्यावर वाळत पडणार होतं, आणि त्या दिवसांत दुपारचं वारं कुठून कुठे वाहतं हे मला पाठ होतं. मला तुरे छाटायचा कंटाळा आला होता. ढीग हलवायचा होता. आणि कुणीतरी आपल्यावर उपकार मानतं आहे हे मला आवडलं होतं. तिन्ही कारणं लिहिली. चौथं नाही.

टेम्पोतून उतरवतानाच पिसं उडायला लागली. वहिनींच्या केसांवर, पदरावर, भुवयांवरही. त्यांनी हाताने झटकली, ती अजून चिकटली.

“बघा, तुमी एका दिवसात म्हातारी केली मला.”

“मीपण झालो की,” मी म्हणालो, आणि शर्ट झटकला. पिसं उडून बांधापलीकडे रानात गेली. आम्ही दोघांनी ती जाताना पाहिली. वहिनींना ती पिसं दिसली, मला त्यातलं बी दिसलं. मग ओटीवर बसून मी चहा घेतला.

पहिल्या पावसाळ्यात रानात तुरळक ठोंबं आली. कोवळी असताना ओळखू येत नाहीत, तुरा आल्यावर कळतात. मी बांधावरून पाहिली. दोन-तीन जवळची उपटली. बाकीची आत होती, आणि आत जायचं तर वहिनींना काहीतरी कारण सांगावं लागलं असतं. वहिनींनी त्यातले चार तुरे तोडून देवघराशेजारी तांब्यात ठेवले होते. “कसं न्यारं दिसतंय, न्हाय?” म्हणाल्या. मी हो म्हणालो.

दुसऱ्या वर्षी वखारवाला रानात फिरताना थांबला आणि वाकला. भाव थोडा पाडला. तिसऱ्या वर्षी त्याने गवत कापून, गाठी बांधून तबेल्याला पाठवलं आणि आठ दिवसांत परत आला. दिरांच्या ओटीवर बैठक बसली. दिरांनी मलाही बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा वखारवाला सुपारी कातरत होता, दीर पायरीवर, वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

“तबेलेवाला भय्या मला काय बोलला म्हायती हाय?” वखारवाला म्हणाला. “बोलला, ‘सेठ, ये झाड़ू का माल क्यों भेजा? भैंस मुँह नहीं लगाती।’ माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात मला झाडूवाला कुणी बोललं न्हवतं. बाई, गवत मी न्हाय खात, म्हशी खातात. त्या न्हाय बोलल्या तर मी काय करू?”

“सगळं न्हाय ना तसं,” वहिनी म्हणाल्या.

“मिसळलंय सगळीकडं. निवडत बसू काय मी? तांदळातले खडे हायत काय?”

दीर माझ्याकडे वळले. “धाकटे मास्तर, तुमी गवतातलं जाणता. ह्ये काय हाय? कुठून आलं?”

तिघं माझ्याकडे बघत होते. वखारवाल्याची अडकित्त्यातली सुपारी तशीच राहिली. मी लूमच्या गावातला माणूस, पण त्या ओटीवर माझ्या वडिलांचा मान मला मिळत होता. धाकटे मास्तर सांगतील ते खरं.

“शोभेचं आहे,” मी म्हणालो. “हल्ली गोदामवाले लावतात, रस्त्याच्या कडेलाही लावतात. वाऱ्याने येतं.”

यातला प्रत्येक शब्द वेगळा काढला तर खोटा नाही.

“पण तुमच्याकडंबी हाय ना ह्ये?” वखारवाल्याने विचारलं.

“आमचं आम्ही वेळेवर कापतो.”

हे मात्र सरळ खोटं होतं.

मला वाटलं होतं, दोष गोदामांवर जाईल आणि विषय संपेल. गोदामांना कोण विचारायला जाणार? पण दिरांना दोष जवळ हवा होता. ते वहिनींकडे न बघता म्हणाले, “वारं सगळ्यांच्याच रानात येतं. राखणाऱ्याचं ध्यान असंल तर पहिल्याच साली उपटलं असतं. काठी रोवली म्हंजी रान राखलं असं न्हाय व्हत.”

वहिनी बोलतील असं मला वाटलं होतं, नेहमी बोलायच्या. त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. सगळ्यांना दिला, मलाही दिला.

त्या वर्षी सामाईक रानाची वाटणी झाली. दिरांनी वरचा अर्धा गोदामाला दिला. खालचा अर्धा, खाचरांना लागून असलेला, वहिनींकडे राहिला. तो सर्वांत जास्त बिघडलेला होता.

नंतर एक दिवस माझ्या वरकशीवरून मला धूर दिसला. वहिनी रान पेटवत होत्या. गावात कुणीतरी सांगितलं होतं, मुळासकट जाळून काढा, नवं गवत स्वच्छ येईल. आमच्याकडच्या गवताबाबत ते खरं आहे. शिवाय राबाच्या देशातली माणसं आम्ही, राख झाली की जमीन शुद्ध झाली असं मानणारी. मी धावत गेलो. पोचलो तेव्हा जाळ अर्ध्यावर होता, वहिनी ओली फांदी घेऊन कडेला उभ्या, धुराने चेहरा काळा झालेला.

“बरं झालं आलात, ती कड सांभाळा,” त्या म्हणाल्या.

मी फांदी घेतली आणि कड सांभाळली. जाळ विझवायला आलो होतो की सांगायला, मला नीट आठवत नाही. धावत मात्र गेलो होतो. सांगितलं असतं, तर तुम्हाला कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न आला असता.

पावसानंतर ते दुप्पट फुटलं. नर्सरीवाला म्हणाला होता तसंच.

त्यानंतर मी काय केलं तेवढं सांगतो. त्यात कौतुक काही नाही. माझ्या वरकशीवरचं हिरवं सगळं खणून काढलं, तुरे गोणीत भरून भट्टीत घातले. कोळसेवाल्याची भट्टी नव्हे, सायझिंगचा ओळखीचा एक बॉयलरवाला आहे, त्याच्याकडे बंद गोणीसकट. आता मी लाल पानाचं लावतो, वाळा लावतो, आणि जळणासाठी हत्तीगवत. लँडस्केपिंगवाला कुरकुरतो, म्हणतो, “सर, पिसारा कमी आहे.” मी म्हणतो, एवढाच आहे. गोदामांच्या पट्ट्यांमध्ये मी पूर्वी लावलेलं हिरवं अजून उभं आहे. तीनचार ठिकाणी मी फुकट बदलून देतो म्हणालो. एका मॅनेजरने विचारलं, “फुकट का? काय प्रॉब्लेम आहे त्यात?” मी त्यालाही नीट सांगितलं नाही. बघतो, म्हणाला. अजून बघतोच आहे.

आणि वहिनींच्या रानात मी खणायला जातो. तुरे यायच्या आधी, माती ओली असताना. पहारीने ठोंबाच्या बुडाशी घाव घालायचा, पहारीवर वजन टाकून उचकटायचं, माती झटकायची, खड्डा पायाने दाबायचा. एका बाजूने ओळ धरून जायचं. वहिनी दुसऱ्या बाजूने येतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, “भावजी, तुमी कशाला मरता?” मी म्हणालो, “शेजारधर्म.” तेव्हापासून त्या गावात सांगतात, सख्खा दीर विकून मोकळा झाला आणि परका रान खणतोय. दुपारी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा देतात. मी खातो. नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल.

एकदा त्या जेवताना म्हणाल्या, “तुमी राबाला दिलेला पाला लई चांगला होता हां. त्या सालासारखं रोप परत न्हाय आलं.”

मी कांदा फोडत होतो, तो फोडत राहिलो.

रान सुधारतंय का? थोडं. बांधाकडच्या भागात पवना परत दिसतो. मधला भाग वाईट आहे. बी जमिनीत वर्षानुवर्षं राहतं म्हणतात, आणि वरच्या अर्ध्यात जे गोदाम झालं त्याच्या पट्टीतही कुणीतरी तेच हिरवं लावलं आहे. मी नाही लावलं. पण मला विचारलं असतं तर त्यावेळी मीच लावलं असतं. वखारवाला गेल्या दसऱ्याला रानाच्या तोंडाशी उभा राहिला, आत आला नाही. “बाई, या साली ऱ्हाऊ द्या,” म्हणाला. “पुढच्या दसऱ्याला बघतो. साफ असंल तर घेतो. मी शब्दाला हाय.” तो गेल्यावर दिरांचा निरोप आला, गोदामवाले खालच्या अर्ध्याचंही विचारतायत. वहिनींनी उत्तर पाठवलं, दसऱ्यापर्यंत थांबा.

तर हा तो दसरा, आता पुढे येणारा.

यंदा पाऊस लागायच्या आधी मी नेहमीप्रमाणे गेलो. वहिनी ओटीवर बसून काठीला पेढ बांधत होत्या. बांधून झाल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

“भावजी, या साली तुमी रोवा.”

“मी कशाला? रान तुमचं.”

“तुमच्या हाताला गुण हाय. माझ्या हातनं राखलं न्हाय गेलं.” त्या हे कुरकुरीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. पाऊस उशिरा आहे म्हणावं तशा म्हणाल्या. “हे होते तवर एक वावगं पान न्हवतं रानात. आमचे घरचे भावजी ओटीवर बोलले त्या दिवशी मला राग आला होता. मंग वाटलं, खरंच हाय की. मी ते तुरे तांब्यात ठिवले. उपटायचे सोडून देवाम्होरं ठिवले.”

दिरांचं ते वाक्य इतकी वर्षं वहिनींच्या मनात होतं, आणि मला वाटत होतं की ते त्या ओटीवरच राहिलं.

मी काठी घेतली. न घेऊन चाललं नसतं, गुरं आत गेली असती. रानाच्या तोंडाशी जाऊन रोवली, बुडाशी दगड लावले. वहिनी मागे उभ्या होत्या. “सरळ हाय,” म्हणाल्या. परत येताना मी तीनदा तोंड उघडलं. एकदा विचारलं, पाऊस कधी येईल. एकदा विचारलं, सुकट कुठून आणता. तिसऱ्यांदा काहीच विचारलं नाही.

एवढे दिवस मी समजत होतो की मी रानाचा गुन्हेगार आहे, आणि रान खणून फेडतो आहे. म्हणून सांगायची गरज नाही, फेडणं चालू आहे, असा माझा स्वतःशी हिशेब होता. पण ठोंबं खणून वहिनींचं ते ‘माझ्या हातनं’ निघणार नाही. ते पहारीने निघत नाही. उलट मी जितका खणतो, तितका माझ्या हाताला गुण येतो आणि त्यांच्या हाताचा जातो. काठी माझ्या हातात आली ती अशी.

दसऱ्याच्या आधी रान साफ होईल की नाही, सांगता येत नाही. मधला भाग अजून राहिला आहे, आणि खरं सांगितल्यावर त्या मला रानात येऊ देतील का, तेही सांगता येत नाही. वखारवाला मला माझ्या तोंडावर काय म्हणेल ते सांगता येतं.

रान होतं तसं करून देणं माझ्याकडे लागतं, ते बहुधा माझ्या हयातीत पुरं होणार नाही. दुसरं लागतं ते एका संध्याकाळीत पुरं होण्यासारखं आहे. दिरांच्या ओटीवर, दिरांसमोर, वखारवाल्यासमोर, मी जिथे बसून खोटं बोललो तिथेच बसून सांगायचं, की ते गवत मी आणलं, ठाऊक असून आणलं, आणि वहिनींनी रान राखलं होतं. हे मी अजून सांगितलेलं नाही.